‘किन-द्झा-द्झा!’ : पँटच्या रंगावर माणसाची पत ठरवणारा ग्रह आला कुठून?

डिसेंबर १९८६ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये ‘किन-द्झा-द्झा!’ हा सिनेमा रिलीज झाला, दोन भागांचा, सव्वादोन तासांचा. दिग्दर्शक गिओर्गी दानेलिया, पटकथा त्याची आणि रेझो गाब्रियाद्झेची, दोघंही जॉर्जियन. तोवर दानेलियाची ओळख म्हणजे ‘मिमिनो’ (१९७७), ‘ऑटम मॅरेथॉन’ (१९७९) असे हळवे कॉमेडी सिनेमे, त्यामुळे यातलं परग्रहावरचं वाळवंट आणि गंजलेलं लोखंड बघून लोक चक्रावले यात नवल नाही.

गोष्ट अशी की मॉस्कोतला एक साधा बांधकाम फोरमन घरातून मॅकरोनी आणायला बाहेर पडतो, रस्त्यात व्हायोलिन हातात असलेला एक जॉर्जियन पोरगा भेटतो, आणि एका अनवाणी अनोळखी माणसाकडच्या यंत्राचं बटण दाबलं की दोघं थेट प्लुक ग्रहावर. तिथे माणसांच्या दोन जाती, चातलानी आणि पात्साक. प्लुकवर चातलानी वरचे, पात्साकाने नाकात घुंगरू अडकवायचं आणि चातलानी दिसला की गुडघे वाकवून बसत ‘कू’ म्हणायचं.

आता या दोघांत फरक काय? पोरगा विचारतो, वेगळ्या देशाचे का, शरीरात काही वेगळं का, दुसऱ्या ग्रहावरचे का. सगळ्याला उत्तर नाही. मग ओळखायचं कसं? एक छोटं यंत्र रोखायचं, नारिंगी दिवा लागला तर चातलानी, हिरवा लागला तर पात्साक. तरी पोराला कळत नाही म्हटल्यावर समोरचा वैतागतो, तुला नारिंगी आणि हिरवा वेगळा दिसत नाही का! माझ्या मते अख्खा पिक्चर या एका सीनमध्ये आहे, कारण विचारून विचारून तळापर्यंत गेलं तर खाली काहीच नाही, फक्त दिवा आहे, आणि तरी सगळा ग्रह त्यावर व्यवस्थित चालतोय. वर हनुद नावाच्या ग्रहावर हाच कारभार बरोब्बर उलटा, तिथे पात्साक वरचे.

त्यावर अजून एक थर पैशाचा. ‘कात्से’ म्हणजे चक्क काडेपेटीतली काडी, ती तिथे सोन्याहून महाग. थोड्या काड्या असल्या तर पिवळी पँट घालायचा हक्क, मग पात्साकाने एकदा नाही, दोनदा बसायचं. भरपूर असल्या तर किरमिजी पँट, आणि मग रात्री पोलीस तुम्हाला मारू शकत नाही, कधीच नाही. सोव्हिएत दुकानात तेव्हा अख्खी काडेपेटी एका कोपेकला (रुबलचा शंभरावा भाग) मिळायची, त्यामुळे प्रेक्षकाला यातली गंमत आणि टोचणी दोन्ही एकदम कळायची.

ही टोचणी समजायला तेव्हाचा देश बघावा लागतो. कागदावर शोषक वर्ग कधीच संपलेला, सगळे कामकरी, सगळे समान. प्रत्यक्षात बड्या पार्टी अधिकाऱ्यांना वेगळी बंद दुकानं, वेगळे दवाखाने, सरकारी दाचा (शहराबाहेरची घरं), आणि परकीय चलन असलेल्यांसाठी ‘बेर्योझ्का’ दुकानं, बाकीचे रांगेत. याबद्दल सरळ बोलता येत नव्हतं, पण परग्रहावरची गंमत म्हणून बरंच काही खपून जायचं.

तरी सेन्सॉरची भीती होतीच, आणि ती आली भलत्याच बाजूने. फेब्रुवारी १९८४ मध्ये कोन्स्तान्तिन उस्तिनोविच चेर्नेन्को पार्टीचे सरचिटणीस, म्हणजे देशाचे सर्वोच्च नेते झाले आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरं रशियनमध्ये नेमकी ‘कू’! पिक्चरभर माणसं बसून बसून ‘कू’ करतायत म्हणजे वर काय समजतील, म्हणून टीम दुसरा शब्द शोधायला लागली. मार्च १९८५ मध्ये चेर्नेन्को वारले आणि ‘कू’ वाचला. मग गोर्बाचेव्ह आले आणि त्यांची दारूविरोधी मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या पोराच्या सामानातल्या चाचा या जॉर्जियन दारूचं व्हिनेगर झालं.

शूटिंग तुर्कमेनिस्तानात, काराकुम वाळवंटात, नेबित-दाग शहराजवळ (आताचं बाल्कानाबात). त्या वाळवंटाला पिक्चरमध्ये कारणही आहे, प्लुकच्या लोकांनी समुद्राचं सगळं पाणी इंधन करून संपवलंय. अरल समुद्र तेव्हा खरोखर आटत होता, कापसाच्या शेतीला त्याच्या नद्यांचं पाणी वळवल्यामुळे, त्यामुळे मला तरी ते दृश्य निव्वळ कल्पना वाटत नाही.

शेवट सांगतोय, बघायचा असेल तर हा पॅरा सोडा. दोघं परत मॉस्कोत, कुणाला काही आठवत नाही, एकमेकांची ओळखही नाही. रस्त्यावरून नारिंगी दिवा लावलेली गाडी जाते आणि दोघंही आपोआप वाकून ‘कू’ करतात, तिथेच ओळख पटते.

पुढे यातले शब्द रशियन बोलण्यात मुरले, आणि २०१३ मध्ये दानेलियाने तात्याना इलिनाबरोबर त्याचा अ‍ॅनिमेशनपट केला. त्यात फोरमनच्या जागी एक नामवंत चेलोवादक आहे. पण आधी १९८६ चाच बघा, येव्गेनी लिओनोव्ह आणि युरी याकोव्हलेव्ह यांनी या दोघांना प्लुकवर भेटणारे चातलानी आणि पात्साक इतके खरे केलेत की त्या दोघांचा रागही येतो आणि दयाही.