आलं आधी, दूध नंतर: मसाला चहाची पार्श्वभूमी

मसाला चहाला पाच हजार वर्षांची परंपरा आहे, कुण्या राजाने तो पहिल्यांदा करवून घेतला, असं कुठे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. आपण घरी जो आलं-वेलचीचा दुधाळ चहा करतो त्याची गोष्ट जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि तीत राजा कुठेच नाही. तीत मळेवाले आहेत, रेल्वे स्टेशनं आहेत, गिरणीकामगार आहेत, आणि घरोघरच्या बायका आहेत.

जुना आहे तो काढा. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, तुळस उकळून प्यायची रीत आपल्याकडे फार पूर्वीपासूनची, पण त्यात चहाची पत्ती नसे. परसातल्या ज्या पातीला आपण ‘गवती चहा’ म्हणतो तिचंही चहाच्या झाडाशी काही नातं नाही. ते गवतच. खरा चहा घरात आला तेव्हा त्याच आधणात पडला आणि दोघांची गट्टी जमली.

पत्ती आणि मसाला एकत्र उकळल्याची एक जुनी नोंद सुरतेची आहे. १६३८ मध्ये तिथे आलेला जर्मन प्रवासी मान्डेल्स्लो रोजच्या बैठकीत चहा घेत असल्याचं सांगतो. १६८९ साली सुरतेत असलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन तर आणखी तपशील देतो: चहाच्या पाण्यात गरम मसाला उकळतात, खडीसाखर घालून पितात, आणि डोकेदुखी, मुतखडा, पोटातली कळ यांवर त्याचा गुण येतो अशी त्याची ख्याती आहे. शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली त्याला तेव्हा एकोणीसच वर्षं झाली होती. हा चहा म्हणजे औषधच. पत्ती चीनची, महाग. ओव्हिंग्टनच्या वर्णनात दुधाचा उल्लेख नाही.

पत्ती इथे पिकायला लागली ती आसामात. तिथले सिंगफो लोक चहाचं झाड आधीपासून ओळखत होते; रॉबर्ट ब्रूसला ते १८२३ मध्ये कळलं. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. त्यानंतर कितीतरी दशकं मळे इथले, मजूर इथले आणि पिणारे मात्र बहुतेक परदेशातले, असंच चाललं.

चहा घेणं इथे किती परकं होतं हे पुण्याला वेगळं सांगायला नको. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. काहींनी घेतली, काहींनी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. निमंत्रितांची जमवाजमव करणाऱ्या गोपाळराव जोश्यांनी पुढे नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसं त्यात सापडली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. वाद मिशनऱ्यांच्या हातचं खाण्यापिण्याचा होता हे खरं, पण तो एका कपावरून पेटला, हे मी विसरू शकत नाही.

मळेवाल्यांनी इकडच्या गिऱ्हाइकाकडे नीट लक्ष दिलं ते विसाव्या शतकात. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्या, कारखाने, खाणी यांत चहाचे स्टॉल निघाले. मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीला मर्यादा आली, आणि मग देशातल्या देशात चहा खपवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. स्टेशनांवर निरनिराळ्या भाषांतले फलक लागले: किटली गरम करा, पत्ती मोजून टाका, वरून उकळतं पाणी ओता, थोडा वेळ मुरू द्या. घरोघरी जाऊन चहा करून दाखवणारी माणसं नेमली गेली.

लोकांनी चहा घेतला, कृती मात्र आपली ठेवली. पत्ती महाग, म्हणून ती कमी टाकायची आणि खळखळून उकळून तिचा सगळा जीव काढायचा. दूध-साखर सढळ हाताने. पातळ पडलेली चव भरून काढायला आलं, वेलची. मळेवाल्यांच्या प्रचारकांना हे मुळीच पसंत नव्हतं. मसाल्यामुळे पत्ती कमी खपते, हा त्यांचा हिशोब. त्याच काळात पुण्यात राजस्थानातून आलेल्या मंडळींची अमृततुल्यं उभी राहिली: पितळी पातेलं, तिथल्या तिथे कुटलेली वेलची, फडक्यातून गाळलेला चहा. अशा दुकानांनी घरच्या चहाला चव शिकवली, असं मला वाटतं.

मग आली सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली दाणेदार पावडर. आसामात १९३० च्या सुमारास ही पद्धत निघाली आणि स्वातंत्र्यानंतर पसरली. ही पावडर स्वस्त पडते, थोडक्यात गडद रंग देते, आणि दुधात उकळली तरी तिची चव दबत नाही. आज आपण ज्याला ‘कडक’ म्हणतो तो चहा या दाण्यांशिवाय रोजच्या घरात परवडलाच नसता.

आल्याचं तेवढं नीट सांगते, कारण दूध फाटलं की बिचाऱ्या दुधालाच दोष लागतो. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. कोमट दुधात किसलेलं आलं पडलं की त्याच्या गुठळ्या होतात. उष्णतेने हे विकर निकामी होतं. म्हणून आलं आधणाच्या पाण्यात आधी ठेचून टाकायचं, दोन-तीन मिनिटं खळखळू द्यायचं, मग पावडर-साखर, आणि दूध सगळ्यात शेवटी, तेही गरम. माझी आई हे विकर-बिकर काही जाणत नव्हती. ती गवती चहाच्या दोन पाती घ्यायची, त्यांची सैलशी गाठ मारायची, ठेचलेल्या आल्याबरोबर आधणात सोडायची, आणि गाठीचा हिरवा रंग फिका पडला की मगच चहाच्या डब्याला हात लावायची.