चिंध्यांची पिशवी उघडण्याआधी

घरातल्या वयस्कर माणसांना बसल्या बसल्या हातकाम करता यावं म्हणून आम्ही ही पिशवी पाठवतो. तिच्यात कापडाचे सुमारे ४० तुकडे आहेत. तळहाताएवढ्यापासून वहीच्या पानाएवढे, सगळे सुती, एकदा धुऊन इस्त्री केलेले. पिशवी मागवताना बरेच जण एकच विचारतात, "आईला ८० पूर्ण झालीत, तिला जमेल ना?" नुसत्या वयावरून आम्हाला काही सांगता येत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी बारीक तुरपाई घालणारे हात असतात आणि साठीतच कात्री नकोशी झालेलेही असतात. म्हणून आम्ही उलट तीन गोष्टी विचारतो. सुईत दोरा ओवता येतो का? बरणीचं घट्ट झाकण फिरवताना दुखतं का? हात थरथरतो का? काय करायला घ्यायचं ते या उत्तरांवर ठरवा.

कात्री नको असेल तर

झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर कात्रीचा हट्ट धरू नका. साधं विणलेलं सुती कापड आडव्या-उभ्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कडेला बोटभर अंतरावर छोटे काप देण्याचं काम घरातल्या कुणाकडून करून घ्या. मग दोन्ही हातांत धरून टर्रकन फाडायचं. या आवाजाची मजा काही वेगळीच, बऱ्याच जणांना पुढच्या कामापेक्षा हेच जास्त आवडतं! कडेला दशा सुटतील, त्या राहू द्या, माळेत त्याच छान दिसतात. तुकडा तिरपा धरून मात्र फाटत नाही, नुसता ताणला जातो.

जुना टी-शर्ट हाताशी असेल तर तोही चालेल, पण तो फाडता येत नाही, कापावा लागतो. आडव्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पट्टी एकदा जोरात ओढा. तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि जाड, मऊ दोरी तयार होते. दशा अजिबात सुटत नाहीत.

गाठींची माळ

सुई नाही, गोंद नाही. २ ते ३ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब पट्ट्या एका जाडसर दोरीला एकेक साधी गाठ मारून बांधत जायचं आणि गाठी एकमेकींना सरकवून भिडवायच्या. एक मीटर दोरीला ६०-७० पट्ट्या सहज लागतात. हात थरथरत असेल तर हेच करा. गाठ थोडी इकडेतिकडे झाली तरी दिसत नाही. दोरीची दोन्ही टोकं दोन खुर्च्यांना ताणून बांधली की दोन्ही हात मोकळे राहतात.

वेणीची चकती

हे आमचं आवडतं काम, कारण वेणी घालायला शिकवावं लागत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी कुणाची वेणी घातली आहे, त्यांची बोटं न बघता चालतात.

४ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या. टोकं एकत्र बांधून खुर्चीच्या पाठीला अडकवा. तिन्ही पट्ट्या मुद्दाम कमीजास्त लांबीच्या ठेवा, म्हणजे सगळे जोड एकाच जागी येऊन वेणीला गाठोडं होत नाही. पट्टी संपत आली की शिवण न घालता जोडता येते. जुन्या पट्टीच्या टोकापाशी आणि नव्या पट्टीच्या सुरुवातीला दीड सेंटिमीटरची एकेक चीर द्या. जुन्या पट्टीचं टोक नव्या पट्टीच्या चिरेतून वर काढा. आता नव्या पट्टीचं दुसरं, मोकळं टोक जुन्या पट्टीच्या चिरेतून ओवून पूर्ण ओढून घ्या. जोड बसला. पहिल्यांदा वाचून डोकं गरगरतं, पण हातात दोन पट्ट्या धरून केलं की एका मिनिटात कळतं.

वेणी घातल्यावर लांबी साधारण एक तृतीयांश कमी होते. पेल्याखाली ठेवायच्या चकतीला ६० सेंटिमीटर वेणी लागते, म्हणजे पट्ट्या ९० सेंटिमीटरच्या हव्यात. वेणी टेबलावर सपाट ठेवूनच गुंडाळा आणि शेजारच्या फेऱ्या जाड दोऱ्याने एकमेकींना टाचत चला. मांडीवर घेऊन, ओढून ओढून टाचलं तर कडा वर उचलतात आणि चकतीची वाटी होते. आमच्या पहिल्या चकतीचं तेच झालं. तिच्यात आता टाचण्या असतात.

एक कळकळीची विनंती. याच पद्धतीने मोठं पायपुसणं करायचा मोह होतो, पण ते करू नका. सुटं, हलकं पायपुसणं फरशीवर सरकतं आणि पाय अडकून पडायला तेवढं पुरतं. टेबलावर, खुर्चीच्या बैठकीवर, भिंतीवर, कुठेही ठेवा, चालायच्या वाटेवर नको.

चुण्यांचं फूल

सुई चालवता येत असेल तर हे घ्या. इंग्लंडमध्ये याला सफोक पफ म्हणतात, अमेरिकेत यो-यो. १२ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा, त्यासाठी एखादं झाकण ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली की झालं. कड अर्धा सेंटिमीटर आत मुडपत, त्या मुडपीवरून गोल धावदोरा घाला. दोरा दुहेरी हवा. पुन्हा पहिल्या टाक्यापाशी आलात की हळूच ओढा. चुण्या मधे गोळा होतात आणि साडेपाच सेंटिमीटरचं फूल बनतं.

इथे नेटक्या हाताची माणसं फसतात. सवयीने ती बारीक टाके घालतात आणि मधलं भोक काही केल्या मिटत नाही. बारीक टाक्यांच्या चुण्या पुष्कळ होतात आणि मधे गर्दी करतात. टाका ६-७ मिलिमीटरचा, चांगला ऐसपैस घाला, भोक घट्ट मिटतं. इथे ढोबळ टाकाच बरोबर, हे आम्ही मुद्दाम ठळक सांगतो, कारण नजर कमी झालेल्यांना ते ऐकून हायसं वाटतं.

डोळे, सुई आणि उजेड

उतारवयात डोळ्याचं भिंग पिवळट होतं, त्यामुळे गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो. काळ्या कापडावर निळा दोरा गेला तर तो दोष शिवणाऱ्याचा नाही. आम्ही पिशवीत गडद तुकडे कमी ठेवतो, तरी तुम्हीही गडद कापडाखाली पांढरा कागद आणि फिकट कापडाखाली गडद फडकं पसरा. दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते.

सोबतच्या दोन सुयांच्या डोक्याला खाच आहे, दोरा वरून दाबला की आत जातो. साधी सुई वापरणार असाल तर दोरा तिरपा कापा आणि लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच ठेवा, त्याहून लांब दोरा गुंततो. नातवंडांकडून एकदम दहा सुया ओवून उशीत टोचून घेण्याची युक्ती आम्हाला एका ग्राहक आजींनी सांगितली.

काळजी

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अंगुस्तान घालाच, साधी टोचणीही बराच वेळ वाहते. मधुमेहामुळे बोटांना बधिरता असेल तर टोचलेलं कळत नाही, उठताना बोटं बघून घ्या. सुया मोजून काढा, मोजून ठेवा. पडलेली सुई चुंबकाने शोधणं सोपं, पण छातीत पेसमेकर असलेल्यांनी तो छातीपासून १५ सेंटिमीटर तरी लांब धरावा आणि खिशात तर मुळीच ठेवू नये. २०-२५ मिनिटांनी हात झटकून उठा. सकाळी बोटं आखडलेली असतील तर घाई नको, कोमट पाण्यात हात धरून मग बसा.

स्मरणशक्ती कमी झालेल्यांना पूर्ण वस्तू करायला देण्यापेक्षा रंगांप्रमाणे तुकडे लावायला द्या, किंवा मखमल, कॉर्डुरॉय, चेन आणि मोठी बटणं पक्की शिवलेलं एक कापड हातात द्या. त्यावर मणी आणि लांब नाड्या नकोत. चुकलं तर उसवून परत करायला लावू नका.

पूर्वी आम्ही पिशवीत सॅटिनचे तुकडेही घालत होतो. दिसायला सुंदर, पण ते बोटांतून निसटतात आणि दशा थांबत नाहीत, म्हणून बंद केले. पुढची पिशवी मागवताना सुरुवातीच्या तीन प्रश्नांची उत्तरं कळवा, त्याप्रमाणे पट्ट्या आधीच फाडून किंवा गोल कापून पाठवू. हात डावा असेल तर तेही सांगा, कात्री बदलावी लागते.