श्वेतपेशीन्यूनता : रक्तपेशींची प्रयोगशाळा तपासणी

प्रौढ व्यक्तीच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० च्या खाली गेली, की त्या स्थितीला श्वेतपेशीन्यूनता किंवा ल्युकोपेनिया म्हणतात. ही स्वतः रोग नसून रोगाची खूण आहे. डेंग्यू, टायफॉइड, बी-१२ ची कमतरता, केमोथेरपी, काही औषधे, ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) अशी तिची कारणे परस्परांपासून फार वेगळी असतात आणि नुसत्या एकूण आकड्यावरून ती ओळखता येत नाहीत.

तपासणीची सुरुवात सीबीसीने, म्हणजे रक्तातील सर्व पेशींच्या मोजणीने, होते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रसायन असल्याने रक्त गोठत नाही. यंत्रात प्रत्येक पेशी बारीक छिद्रातून जाताना विद्युतरोध क्षणभर वाढतो आणि तेवढ्यावरून ती मोजली जाते. या तत्त्वाचे पेटंट वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये मिळाले. क्वचित ईडीटीएमुळेच पांढऱ्या पेशींचे पुंजके होतात आणि यंत्र खोटा कमी आकडा देते. म्हणून अनपेक्षित कमी आकडा आला, तर आधी स्लाइड (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. गरज पडल्यास सायट्रेट या दुसऱ्या गोठणरोधकाच्या ट्यूबमध्ये नमुना पुन्हा घ्यावा.

पुढचा प्रश्न, नेमक्या कोणत्या पेशी कमी आहेत? दोन रुग्णांची एकूण संख्या २,८०० असली आणि एकात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६५ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के असले, तर प्रत्यक्ष न्यूट्रोफिल अनुक्रमे १,८२० आणि ४२० भरतात. पहिल्याला बहुधा वाट पाहता येते. दुसऱ्याला ताप आला तर ती तातडीची वेळ असते, कारण ५०० च्या खाली जंतुसंसर्ग झपाट्याने बळावू शकतो. रिपोर्टमधली टक्केवारी एकटी वाचणे धोक्याचे आहे, ते याचसाठी. आफ्रिकी आणि अरब वंशाच्या अनेक निरोगी लोकांत मात्र न्यूट्रोफिल जन्मतःच थोडे कमी असतात.

खरी उकल बहुतेकदा स्लाइडवर होते. भारतातील प्रयोगशाळांत त्यासाठी लीशमन रंजक (पेशी रंगवणारे द्रव्य) सर्रास वापरतात. विल्यम लीशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने ते १९०१ मध्ये मांडले. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला एरवी तीन-चार खंड असतात. सहा किंवा अधिक खंडांच्या पेशी दिसल्या तर बी-१२ किंवा फोलेटची कमतरता प्रथम आठवावी. डेंग्यूत मोठ्या, गडद निळ्या काठाच्या लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) आढळतात, शेजारच्या लाल पेशींना बिलगलेल्या. सर्वांत महत्त्वाचा शोध अपक्व ब्लास्ट पेशींचा, कारण त्या ल्युकेमियाची खूण असू शकतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी नेहमी वाढतातच असे नाही. प्रोमायलोसायटिक प्रकारात त्या पुष्कळदा कमीच असतात. स्लाइडवर पेशी विरळ असल्याने घाईत ब्लास्ट निसटतात. अशा वेळी स्मिअरची (काचेवरील थराची) कड आणि शेपूट नीट पाहावी, किंवा रक्त यंत्रात वेगाने फिरवून लाल पेशींच्या वर जमणाऱ्या पांढऱ्या थराचा स्मिअर करावा.

ब्लास्ट दिसले, लाल पेशी आणि प्लेटलेटही घटल्या किंवा कारणच सापडले नाही, तर कमरेच्या हाडातून बोन मॅरो (रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा) काढतात. तिथे पेशींच्या जागी चरबी भरलेली असेल तर अप्लास्टिक ॲनिमियाचा (मॅरोत रक्तपेशी पुरेशा न बनण्याचा) संशय येतो. थायरॉइडवरील कार्बिमाझोल किंवा मनोविकारावरील क्लोझापिनसारख्या औषधाने न्यूट्रोफिल नाहीसे झाले असतील, तर मॅरोत त्यांच्या पूर्वपेशी एकतर दिसत नाहीत किंवा कोवळ्या अवस्थेतच अडलेल्या दिसतात. फ्लो सायटोमेट्री या तपासणीत चमकत्या प्रतिपिंडांनी पेशींवरील खुणा ओळखतात : सीडी३४ बहुतेकदा अपक्व पेशी दाखवते, तर एचआयव्हीत घटणाऱ्या टी पेशी सीडी४ वरून मोजल्या जातात.