क्रीमच्या डबीवर ‘24 तास ओलावा’ लिहायचंय? मग हे कागद जमवा

साबण, क्रीम, केसांचं तेल बनवून विकणारे हमखास विचारतात, दाव्याला मंजुरी कुठे मिळते? कुठेच नाही. त्यासाठी वेगळा अर्ज नाही की शिक्का नाही. दावा आपल्या जबाबदारीवर करायचा आणि विचारणा झाली की पुरावा समोर ठेवायचा.

लायसन्स मात्र लागतंच, माल घरी बनत असला तरी. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार ते राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. स्वतःची जागा असेल तर अर्ज सीओएस-5 या फॉर्ममध्ये. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल करून घ्यायचा असेल तर लोन लायसन्ससाठी सीओएस-6. लहान उद्योगाला हीच वाट परवडते. जागेचे कागद, नकाशा, यंत्रांची आणि उत्पादनांची यादी, शिवाय पूर्णवेळ तांत्रिक माणूस हवा: फार्मसीची पदविका किंवा किमान रसायनशास्त्र घेऊन बारावी. परवाना कायम राहतो, फक्त दर 5 वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे परवाना चालू ठेवण्याची फी भरायची.

आता दाव्याचे शब्द. ‘मुरूम बरे करते’, ‘केसगळतीवर उपचार’ असं लिहिलंत की माल कॉस्मेटिक राहत नाही, औषध ठरतो. मग टेस्ट कितीही छान आली तरी या लायसन्सवर तो विकता येत नाही. म्हणून आधी वाक्य पक्कं करा, मग त्या वाक्याची टेस्ट करा. बहुतेकांचं इथेच उलटं होतं.

क्रीमचा आयएस 6608 (त्वचेच्या क्रीमचं भारतीय मानक) चा रिपोर्ट पुरावा म्हणून सर्रास पुढे केला जातो. त्यात पीएच, जड धातू, जंतुसंख्या असते. क्रीम वापरायला योग्य आहे एवढंच त्यातून कळतं. ओलावा 24 तास टिकतो की नाही, यावर त्यात अक्षर नाही. त्यासाठी स्वयंसेवकांच्या हातावर क्रीम लावून, आधी आणि 24 तासांनी कॉर्निओमीटरने (त्वचेतला ओलावा मोजणारं यंत्र) मोजमाप घ्यावं लागतं, शेजारी क्रीम न लावलेली जागा तुलनेला ठेवून. सनस्क्रीनच्या एसपीएफसाठी (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) आयएसओ 24444 ही आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धत: स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर. चाचणीला स्वयंसेवकांची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या चाचण्यांची नैतिकता तपासणारी समिती) परवानगी हवी. प्राण्यांवरच्या चाचण्यांना 2014 पासून बंदी आहे.

कोरफडीवरचा शोधनिबंध तुमच्या क्रीमचा पुरावा होत नाही. चाचणी तयार मालाची हवी, आणि रिपोर्टमधला फॉर्म्युला विक्रीच्या बॅचशी जुळायला हवा.

लॅबच्या दारावर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) लोगो दिसला म्हणून खूश होऊ नका. प्रमाणपत्राचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांची यादी मागा. तुमची चाचणी त्या यादीत आहे का पाहा. रिपोर्टवर यूएलआर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक असतो, तोही तपासा.

जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दाव्याखालचा खुलासा (डिस्क्लेमर) दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा. म्हणजे दावा ठळक मराठीत आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’, हे चालत नाही. दिशाभूल ठरली तर 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. हा दंड उत्पादकाबरोबर जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही होऊ शकतो. त्यामुळे रील करणाऱ्या ताईने आधी रिपोर्ट मागितला तर रागावू नका, पाठवून द्या.