टर्बो मॅनिफोल्डला तडा का जातो: पाइपच्या धातूंची पार्श्वभूमी

तडा गेलेलं टर्बो मॅनिफोल्ड (इंजिनाचा एक्झॉस्ट, म्हणजे जळका धूर, टर्बोपर्यंत नेणारा पाइपांचा जोड) उजेडात धरून पाहिलं, तर पाइपच्या मधोमध तडा क्वचितच सापडतो. तो असतो वेल्डच्या कडेला, दोन-तीन मिलिमीटर अंतरावर, वेल्डला समांतर. बहुतेक वेळा कलेक्टरपाशी (जिथे सगळे पाइप एकत्र येतात) किंवा फ्लँजच्या (बोल्टने आवळायच्या जाड पट्टीच्या) तोंडाशी. धातू वितळलेला नसतो. तापून-थंड होऊन तो वारंवार ताणला जातो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जिथे कमजोर झाला होता तिथेच सुटतो. मॅनिफोल्डच्या पाइपचा इतिहास म्हणजे या दुखण्यावर शोधलेले उपाय.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबण्याचं, म्हणजेच टर्बोचं, पेटंट १९०५ मध्ये घेतलं. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक पर्वतावर, सुमारे १४,००० फूट उंचीवर, लिबर्टी या विमान इंजिनाला टर्बो लावून चाचणी घेतली. तत्त्व सिद्ध झालं. कस लागला तो धातूंचा. साधं पोलाद साडेपाचशे अंशांच्या पुढे भराभर ऑक्सिडाइज होतं. त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतात.

स्टेनलेसने पापुद्र्यांचा प्रश्न बराचसा सोडवला. जर्मनीत क्रुपच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्ये क्रोमियम-निकेल पोलादाचं पेटंट घेतलं. शेफिल्डमध्ये १९२४ मध्ये हॅटफिल्ड यांनी १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण पुढे आणलं; आजचं ३०४ क्रमांकाचं स्टेनलेस त्याच घराण्यातलं. पण हे पोलाद वेल्ड केलं की नवीच अडचण दिसू लागली. साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात धातूतला कार्बन क्रोमियमला बांधून घेतो आणि कणांच्या सीमांवर कार्बाइड होऊन बसतो. सीमेलगत क्रोमियम कमी पडतं, आणि धातू तिथूनच पोखरला जातो. टर्बो मॅनिफोल्ड तर रोज याच पट्ट्यातून वर-खाली होतं.

यावर उपाय निघाला तो कार्बनला दुसरा जोडीदार देण्याचा. टायटॅनियम घातलं की ३२१, नायोबियम घातलं की ३४७. कार्बन या दोघांना आधी चिकटतो, क्रोमियम मोकळं राहतं. विमानांच्या एक्झॉस्टमध्ये हे दोन्ही रुळले आणि तिथून रेसिंगमध्ये आले. १९३० च्या दशकातच निकेलवर आधारलेलं इन्कोनेलही विमानांच्या एक्झॉस्टसाठी वापरात आलं. ३०४एल मध्ये कार्बनच ०.०३ टक्क्यांपर्यंत खाली आणला जातो. वेल्डसाठी ते चांगलं, पण लालबुंद तापमानाला त्याची ताकद ३०४ पेक्षा कमी. ‘एल’ म्हणजे सरसकट वरचा दर्जा, हा समज मॅनिफोल्डच्या बाबतीत महागात पडतो.

कार कारखान्यांनी मात्र पाइपचा रस्ता सहसा धरला नाही. ओतीव मॅनिफोल्डला मुळात वेल्डच नसतो, आणि पुढे सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेलं डक्टाइल आयर्न (चिवट ओतीव लोखंड) आल्यावर तापमानाची मर्यादाही वाढली. एकच नग बनवायचा तर पॅटर्न आणि ओतकाम परवडत नाही. म्हणून हौशी आणि रेसिंगवाले वळले वाफेच्या पाइपलाइनच्या एल्बोंकडे (तयार वळणाच्या तुकड्यांकडे).

इथे मापांचा घोळ नेहमी होतो. शेड्यूल पाइप (शेड्यूलचा आकडा भिंतीची जाडी ठरवतो) नाममात्र मापाने ओळखला जातो, ट्यूब बाहेरच्या व्यासाने. दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. शेड्यूल १० ची जाडी २.७७ मिमी, शेड्यूल ४० ची ३.६८. दीड इंची ट्यूब मात्र बाहेरून ३८.१ मिमीच, आणि १६ गेजची जाडी साधारण १.६५. सव्वा इंची शेड्यूल १० पाइपचा आतला व्यास ३६.६ मिमी येतो. बऱ्याच चार-सिलिंडर इंजिनांच्या पोर्टला (एक्झॉस्ट बाहेर पडण्याच्या तोंडाला) तो जुळतो, म्हणूनच हे माप इतकं चालतं.

जाड पाइप वजन पेलतो, पण प्रसरण तो थांबवू शकत नाही. ३०४ चा ४०० मिमीचा रनर (एका सिलिंडरचा पाइप) ८०० अंशांनी तापला तर जवळपास ६ मिमी लांबतो. साधं पोलाद साधारण साडेचार. म्हणून एमएसचं (साध्या पोलादाचं) मॅनिफोल्ड कमी तापमानाच्या डिझेलवर वर्षानुवर्षं टिकतं आणि सरळसोट बांधलेलं स्टेनलेस पेट्रोल इंजिनावर फुटतं. एमएसवर हीट रॅप (उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळू नये. उष्णता आत कोंडते आणि भिंत पापुद्र्यांनी पातळ होत जाते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप तर घेऊच नये: वेल्ड करताना जस्ताचा धूर फुप्फुसांत जातो आणि ताप भरतो.

आमच्या मते टर्बोचा भार मॅनिफोल्डवरच येणार असेल तर ३०४ शेड्यूल १० घ्यावा. पातळ ट्यूब वापरायचीच तर ३२१ किंवा ३४७ ची, आणि टर्बोला इंजिन ब्लॉकवरून वेगळा आधार. या आधाराला थोडी हालचाल करता आली पाहिजे, नाहीतर तोच तडा पाडतो. ३१६ मधलं मॉलिब्डेनम समुद्राच्या खाऱ्या हवेत उपयोगी आहे, इथे त्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. इन्कोनेल ६२५ तापल्यावरही ताकद टिकवतं आणि ३०४ पेक्षा कमी प्रसरण पावतं. सतत पूर्ण भारावर धावणाऱ्या इंजिनांनाच त्याचा खर्च शोभतो.

आर्गॉन वेल्डिंगमध्ये ३०४ ला ३०८एल फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार), ३२१ ला ३४७ चा (टायटॅनियम आर्कमध्ये जळून जातं, नायोबियम टिकतं), स्टेनलेसला एमएस जोडताना ३०९एल. पाइपच्या आतही आर्गॉन हवाच. टोकं ॲल्युमिनियम टेपने बंद करून एक बारीक भोक ठेवायचं आणि आतली हवा पुरती निघाल्यावरच आर्क पेटवायचा. घाई केली की वेल्डची आतली बाजू जळक्या साखरेसारखी काळी, रवाळ होते. तडा तिथून सुरू होतो, आणि सुटलेले रवे टर्बाइनमध्ये जातात. हेड फ्लँज (इंजिनाच्या हेडला बसणारी) १० ते १२ मिमीची घेऊन जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्ड करायची, पूर्ण थंड झाल्यावर सोडायची आणि तोंड मशिनवर सपाट करून घ्यायचं. त्यानंतर दोन पोर्टांमधला फ्लँजचा पूल करवतीने कापायचा आणि कडेच्या स्टडची भोकं दीड-दोन मिलिमीटर सैल ठेवायची, म्हणजे प्रत्येक रनरला आपापलं सरकायला जागा मिळते.