पन्नास वॉटचं स्टिकर आणि डिकीतला डबा

गाडीच्या स्टीरिओच्या खोक्यावर ‘50 वॉट × 4’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते एकदा कागदावर मांडून बघावं, कारण कमी पैशांत बेस, म्हणजे गाण्यातले खालचे घुमणारे स्वर, वाढवायला निघालेला माणूस सगळ्यात आधी इथेच फसतो.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. स्टीरिओच्या पोटातल्या छोट्या ॲम्पला, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला, हे व्होल्टेज वाढवायची सोय नसते, आहे त्यात भागवायचं. समोर 4 ओहमचा स्पीकर. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे 207 भागिले 4, उत्तर 52 वॉट. झाला आकडा तयार! पण एवढी शक्ती मिळायची तर लाट सतत टोकाला टेकलेली हवी, म्हणजे चौकोनी. ते गाणं नसतं, नुसता कर्कश गोंगाट असतो. गोलसर साइन लाटेला त्याच व्होल्टेजवर बरोबर निम्मी, 26 वॉट शक्ती मिळते. ॲम्पमध्ये वाया जाणारी वजा केली की हातात उरतात विसेक वॉट. तेव्हा नुसता स्टीरिओ बदलून बेस येत नाही. वेगळ्या ॲम्पमध्ये मात्र गाडीचं व्होल्टेज चढवून घेणारं सर्किट असतं, म्हणून तो खरे दीडशे वॉट देऊ शकतो. तिथेही ‘मॅक्स’ आणि ‘पीक’ सोडून द्या, ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, काय लिहिलंय तेवढं वाचा.

आता मुळात बेस जातो कुठे? घरी हेडफोनवर घुमणारा डग्गा गाडीत टिचकीसारखा का वाजतो? एक तर टायर, इंजिन आणि वारा यांचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतलाच असतो, आणि तो नेमका बेसवरच पांघरूण घालतो. दुसरं कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं, की आवाज हळू असताना आपल्या कानांना खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फारच कमी जाणवतात. तिसरं कारण हवेचं. तेवढाच मोठा आवाज 80 ऐवजी 40 हर्ट्झला हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरचा पडदा 3 मिलिमीटर हलला, तर तो जेमतेम 39 घन सेंटिमीटर हवा ढकलतो. फक्त बेससाठी बनवलेला 10 इंची स्पीकर, म्हणजे सबवूफर, 8 मिलिमीटर हलला की 270 च्या वर. सातपट! बेस म्हणजे शेवटी हवा ढकलण्याची हमाली आहे.

पण खिशात हात घालण्याआधी दोन फुकटातली कामं उरकून घ्या. गाणं लावा आणि स्टीरिओचा बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एकच बाजू वाजताना बेस वाढल्यासारखा वाटला, तर एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी जोडलेली असण्याची दाट शक्यता आहे. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये दोन वर्षं हेच चाललं होतं; कुणीतरी काच दुरुस्त करताना वायर उलटी लावून ठेवली होती आणि मी बिचाऱ्या स्पीकरला शिव्या घालत होतो. दुसरं काम दाराच्या पत्र्यातली भोकं बुजवणं. 60 हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेसहा मीटर, तिच्यापुढे पडद्याच्या मागून पुढे यायचं वीतभर अंतर काहीच नाही, म्हणून मागची लाट उलटीच राहते. पडद्याच्या मागची लाट त्या भोकांतून पुढे आली की पुढच्या लाटेला तिथल्या तिथे मारते. भोकांवर चिकट ब्युटाइल शीट लावायची, फक्त पाणी निघून जायची खालची छिद्रं मोकळी ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात दार गंजेल.

मग डबा, म्हणजे सबवूफर बसवायची पेटी. दुकानात आधी बेसट्यूब, म्हणजे एका बाजूला तोंड उघडं असलेला नळकांड्यासारखा डबा, पुढे करतात. ती दणका देते खरी, पण तिच्या तोंडातली हवा ज्या स्वराला घुमते त्या स्वराला. त्याच्या खाली तिचा आवाज दर सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो. स्वस्तातली ट्यूब म्हणूनच प्रत्येक गाण्यात एकच ‘धप्प’ वाजवते. मी बंद डब्याच्या बाजूचा आहे. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये घरगुती स्पीकरसाठी ही युक्ती रुजवली: डब्यात कोंडलेली हवाच पडद्याची स्प्रिंग होते. बंद डब्याचा आवाज खालच्या बाजूला दर सप्तकाला फक्त 12 डेसिबलने उतरतो, आणि इथेच गाडी आपल्या मदतीला धावते. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर सुमारे 68 हर्ट्झच्या खाली अर्धी लाटसुद्धा आत मावत नाही. मग आवाज लाटेसारखा फिरत नाही. सायकलच्या पंपासारखी सगळी केबिनच दाबली-सोडली जाते. हिशेबाने ही वाढ दर सप्तकाला 12 डेसिबल! प्रत्यक्षात फटी आणि लवचीक पत्रा त्यातलं काही खातात, पण डब्याची उतरण बरीचशी भरून निघते. खात्री करायची तर गाणं चालू ठेवून दार उघडा, बेस लगेच पातळ होईल.

10 इंची स्पीकरला बहुधा 20 लिटरच्या आसपासचा डबा पुरतो, म्हणजे पाण्याचा जार असतो तेवढा. नेमका आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात मिळतो. 18 मिलिमीटरचं एमडीएफ, भरपूर फेव्हिकॉल, सांध्यांना सिलिकॉन. ओळखीचा सुतार असेल तर दुपारचं काम. स्पीकर जुना घ्यायचा असेल तर बोटांनी पडदा सगळीकडून सारखा, हळूच दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल जळलेली किंवा सरकलेली आहे, सोडून द्या. आणि डबा डिकीत मागे आहे याची चिंता नको. 80 हर्ट्झच्या खाली लाट 4 मीटरपेक्षा लांब, दोन कानांतलं अंतर वीतभर, त्यामुळे आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ठरवता येत नाही.

पैसे वाचवायची जागा वायर आणि फ्यूज ही नव्हे. 150 वॉट देणारा साधा, जुन्या धाटणीचा ‘एबी क्लास’ ॲम्प बॅटरीतून 300 वॉट, म्हणजे 21 अँपिअर ओढू शकतो. कमी शक्ती वाया घालवणाऱ्या ‘डी क्लास’ ॲम्पचं 14 अँपिअरवर भागतं. घरच्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीने पाच मीटर नेलं, तर 21 अँपिअरला वाटेतच पाऊण व्होल्ट जातो आणि वायर तापते ती वेगळीच. 10 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या. स्वस्त वायर ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर त्या फ्यूजवरच गाडी वाचते.

स्पीकरच्या वायरींमधूनच सिग्नल घेणारा ‘हाय-लेव्हल इनपुट’ असलेला ॲम्प निवडला, की जुना स्टीरिओही बदलावा लागत नाही. ॲम्पवरचा ‘गेन’ मात्र व्हॉल्यूम समजून पिळू नका. तो जास्त फिरवला की लाटांची डोकी कापली जातात, वरची तीच चौकोनी लाट तयार होते आणि तिची दुप्पट शक्ती कॉइलमध्ये उष्णता होऊन जिरते.

सगळं जोडून झाल्यावर मागून एक खुळखुळ ऐकू येईल. नवा डबा खराब निघाला असं वाटून घाबरू नका. नंबर प्लेटच्या मागे फोमचे दोन तुकडे चिकटवा.