रानटर्की आणि फार्मवरची टर्की, दिसायला एकच पण भानगड वेगळी

आई दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात आलेली तेव्हाची गोष्ट. मॅडिसनहून पश्चिमेला व्हर्नन काउंटीकडे गाडीने चाललो होतो, मका कापलेल्या एका शेतात पंधरा-वीस टर्क्या रांगेत टिपत टिपत चाललेल्या, आणि आई म्हणाली, "अरे थांब जरा, कुणाच्या तरी कोंबड्या सुटल्यात, त्यांना सांगायला नको का?" मी हसलो, पण पहिल्या वर्षी मलाही अगदी असंच वाटलेलं. आणि गंमत म्हणजे इथल्या वन्यजीव खात्यांनीही हीच गफलत केली होती, तीही कित्येक वर्षं आणि पैसे खर्च करून.

आधी दिसण्याचं उरकतो. फार्मवरची जी थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओव्हनमध्ये जाते ती बहुतेक पांढरीशुभ्र, छाती एवढी वाढवलेली की नर 18 किलोच्या पुढे सहज जातो, त्याला धड उडता येत नाही आणि नैसर्गिक मीलनही जमत नाही, पिल्लं हवी तर कृत्रिम रेतन करावं लागतं. रानातला नर 7 ते 11 किलोचा, पाय लांब, अंग सडपातळ, पिसं काळपट पण ऊन पडलं की तांब्यासारखी चमकतात, छातीवर केसांच्या झुपक्यासारखी दाढी लोंबते. आणि हा उडतो बरं का! लांब नाही उडत, पण थोड्या अंतरात ताशी 80-90 किलोमीटरचा वेग घेतो आणि रात्री उंच ओकच्या झाडावर जाऊन बसतो.

घोळ होतो तो पांढऱ्या टर्कीमुळे नाहीच, तो होतो ब्रॉन्झ जातीमुळे. हौशी लोक घरामागे पाळतात ती, रंग जवळजवळ रानटीसारखाच. तिथे शेपटीचं टोक बघायचं. इकडच्या रानटर्कीच्या शेपटीची कड बदामी-तपकिरी असते, पाळलेल्या ब्रॉन्झची पांढरी. (हा नियम पश्चिमेकडे रॉकी पर्वतात चालत नाही, तिकडच्या मेरियम्स नावाच्या रानटर्कीची कडही पांढरटच असते, त्यामुळे कोलोरॅडोत जाऊन माझ्या नावाने शपथ घेऊ नका.)

ही पांढरी कड आली कुठून तर मेक्सिकोतून. सगळ्या पाळीव टर्क्या मेक्सिकोतल्या रानटर्कीपासून आल्या, तिथल्या लोकांनी ती युरोपीय यायच्या कितीतरी आधी माणसाळवली होती, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि मग वसाहतवाले तीच जहाजात घालून परत अमेरिकेत घेऊन आले, म्हणजे जिथे रानात आधीच टर्क्या हिंडत होत्या तिथेच. आपल्याकडे पण ती याच फेऱ्यात पोचली, 1612 मध्ये गोव्याहून एक टर्की जहांगीरच्या दरबारात गेली आणि दरबारी चित्रकार मन्सूरने तिचं चित्र काढलं. पोर्तुगीजमध्ये टर्कीला म्हणतात 'पेरू', आईला हे सांगितलं तर ती दिवसभर हसत होती.

आता मुख्य मुद्दा. विस्कॉन्सिनमधली रानटर्की 1881 च्या आसपास संपली, जंगल तोडलं आणि उरलेल्या मारून खाल्ल्या. पुढे परत आणायचं ठरलं तेव्हा सरळ विचार केला की पक्षी तोच आहे ना, मग पिंजऱ्यात वाढवा आणि सोडा. 1930 च्या दशकात इथे अशा भरपूर सोडल्या, 1950 च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या गेम फार्मवरच्या (शिकारीचे पक्षी वाढवतात तिथल्या) आणून परत प्रयत्न केला, पण राज्यभर पसरतील असं काही झालंच नाही. कारण रानातली आई पिल्लांना सगळं शिकवते, घार दिसली की दबून बसायचं, काय खायचं, कुठे झोपायचं. पिल्लं पहिले दोनेक आठवडे उडू शकत नाहीत म्हणून जमिनीवर तिच्या पंखाखाली झोपतात, मग झाडावर. इन्क्युबेटरमधल्या पिल्लाला हे कोण सांगणार? वर पिढ्यान् पिढ्या जी माणसाला घाबरत नाही तीच पाळण्यात टिकली, म्हणजे नेमका तोच गुण आला जो रानात जीव घेतो.

मग खऱ्या रानटर्क्याच पकडून हलवायच्या, पण त्या पकडायच्या कशा, माणूस दिसला की पसार. 1951 मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेच्या बाराने उडणारं जाळं वापरलं, दाणे टाकायचे, लपून बसायचं, कळप गोळा झाला की जाळं अंगावर. त्यानंतर चित्र पालटलं. विस्कॉन्सिनने 1976 मध्ये मिझुरी राज्याकडून रानटर्क्या घेतल्या, बदल्यात स्वतःकडचे ग्राउस पक्षी दिले, चक्क देवाणघेवाण, आणि सोडल्या कुठे तर याच व्हर्नन काउंटीत. ओकच्या टेकड्या, मधे मक्याची आणि गाईगुरांची शेतं, त्यांना अगदी मानवलं. 1983 मध्ये शिकारीचा पहिला हंगाम सुद्धा झाला. आज देशभरात 60 लाखांच्या आसपास आहेत म्हणतात, मधे याहून जास्त होत्या, आता काही राज्यांत, मिझुरीत पण, परत कमी होतायत.

आईने जे शेत बघितलं तिथे अजून एक गैरसमज सापडतो. बरेच शेतकरी म्हणतात टर्क्यांनी मका खाल्ला. त्या दिवसाढवळ्या शेतात दिसतात ना, त्यामुळे नाव त्यांचं होतं, पण तपासलं की जास्त नुकसान हरणांनी आणि रात्री येणाऱ्या रकून नावाच्या प्राण्याने केलेलं निघतं, टर्क्या बहुतेक सांडलेले दाणे आणि किडे टिपत असतात. हिवाळ्यात तर शेतात पसरलेल्या शेणातले न पचलेले दाणे सुद्धा वेचतात.

आणि वस्तीत कुणी दाणे टाकायची सवय लावली की रानटर्की पण निर्ढावते, पोस्टमनच्या मागे धावते, गाडीच्या चकचकीत दारात स्वतःलाच दुसरा नर समजून चोची मारते. अशी अंगणात बिनधास्त उभी असलेली दिसली म्हणजे पाळलेलीच असेल असं नाही. शेपटी बघा.